बाहेरची खोली, आतली खोली

गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत संसार केलेल्या माणसाला ‘पार्टिशन’ म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. बाहेरच्या खोलीत पाहुणेरावळे आणि गणपतीची वर्गणी मागणारे. आतल्या खोलीत ट्रंक, आणि ट्रंकेत दागिने, दाखले. दिवाळीला बाहेरच्या खोलीला रंग काढला, तरी ट्रंक हलवावी लागत नाही.

संगणकाचेही तेच. पूर्वी ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीकडे असत, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आले. सीमध्ये विंडोजने नांदावे, डीमध्ये आपले कागदपत्र ठेवावे. विंडोज बिघडलीच, तर सी पुसून ती नव्याने घालावी. डीला धक्का लागत नाही. जुन्या पद्धतीत एका डिस्कचे चारच मुख्य भाग पडत; नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज 128 पर्यंत पाडू देते. म्हणजे अख्खी चाळच की!

मीही शेजारच्या मुलाकडून 500 जीबीचे दोन भाग करून घेतले. 150 विंडोजला, उरलेले मला. वर्षभराने संगणक सुरूच होईना. लॅमिंग्टन रोडवर नेला. दुरुस्त करणाऱ्याने विचारले, “काका, सी पुसू ना? आत काही महत्त्वाचे नाही ना?”

“छे! आमचे सगळे डीमध्ये,” मी ऐटीत म्हणालो.

घरी आल्यावर उजेड पडला. वडिलांच्या आठवणींच्या दोन वह्या मी रोज रात्री टंकत असे आणि ते लेखन डेस्कटॉपवर, डोळ्यांसमोर ठेवीत असे. हा डेस्कटॉप मुळात सीच्याच घरात राहतो, ‘डॉक्युमेंट्स’चे कपाटही तिथलेच, हे मला ठाऊक कुठे होते? भिंत होती, ट्रंक मात्र मी बाहेरच्या खोलीत, दाराशीच ठेवली होती.

वह्या होत्या. पुन्हा पहिल्या पानापासून बसलो. पण पहिल्या खेपेस अडलेला शब्द वडिलांना विचारून लावला होता. आता विचारायला वडील नव्हते. काही जागा रिकाम्याच राहिल्या.

आता डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स दोन्ही डीमध्ये हलवले आहेत. तरीही वाचकहो, सी आणि डी या खोल्या दोन असल्या तरी इमारत एकच. डिस्कच गेली, तर दोन्ही जातात. म्हणून महिन्याला एक प्रत निराळ्या डिस्कवर उतरवतो आणि ती डिस्क डोंबिवलीला बहिणीकडे ठेवतो.

जुन्या चाळीत राहणाऱ्याला एवढे तरी सुचायलाच हवे होते.