बांधावरचा जीवशास्त्राचा धडा

सहाव्या-सातव्या इयत्तेत विद्यार्थ्यास जीवशास्त्राची पहिली ओळख होते. सजीव कोणास म्हणावे, मुळाचे कार्य कोणते, वनस्पती अन्न कसे तयार करते, हे सारे पाठ होते. परीक्षेत गुणही मिळतात. परंतु पाठ केलेले ज्ञान आणि डोळ्यांनी पाहिलेले ज्ञान यांत फार अंतर असते. आमच्या बिदर-कलबुर्गी भागातील मुलांच्या बाबतीत हे अंतर केवळ गुणांचे नाही. ते घरच्या सुगीचे आहे, असे आम्हांस वाटते.

तुरीचेच उदाहरण घेऊ. येथील तूर देशभर प्रसिद्ध असून ‘गुलबर्गा तूर डाळ’ या नावाने तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आळंदपासून भालकीपर्यंत काळ्या रानात ती सर्वत्र दिसते. आम्ही घरी तिला तूर म्हणतो, कानडी बोलणारे शेजारी तोगरी म्हणतात आणि शास्त्रज्ञ कॅजानस कॅजन म्हणतात. नावे तीन, झाड एकच. इतके ओळखीचे झाड असता मुलांनी पहिला धडा दूरच्या, न पाहिलेल्या झाडावरून का गिरवावा?

श्रावणात रोप महिना-दीड महिन्याचे झाले म्हणजे खुरप्याने भोवतालची माती सैल करून ते मुळांसकट काढावे. ओढून उपटू नये. तसे केल्यास जे पाहावयाचे तेच मातीत तुटून राहते. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला तर तेथील जिवाणू कामात आहेत असे समजावे. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण झाडास तो थेट घेता येत नाही. हे जिवाणू तो त्याला उपयोगी पडेल अशा रूपात आणून देतात आणि झाड त्यांस साखर पुरवते. ‘सहजीवन’ या शब्दाची व्याख्या दहा वेळा लिहिण्यापेक्षा ही एक गाठ अधिक शिकविते.

दुसरा धडा येळवशीचा. मार्गशीर्ष अमावास्येस घरोघरची मंडळी भज्जी-आंबील घेऊन शेतात जातात. त्या वेळी तूर शेंगांवर असते. पण हिरव्या ओळीत मधूनच एखादे झाड उभे वाळलेले आढळते. हाच मर रोग. २०२२ च्या हंगामात त्याने कलबुर्गी जिल्ह्यात फार मोठी हानी केली. अशा झाडाचे खोड चिरून पाहावे. सालीखाली काळपट रेषा दिसतील. फ्युजेरियम उडम नावाची बुरशी मुळांतून शिरून जलवाहिन्या बंद करते आणि जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते. एडविन बटलर यांनी १९१० मध्ये या बुरशीला हे नाव दिले. ती माती व धसकटांत काही वर्षे टिकते. म्हणून त्याच रानात दरसाल तूर घेऊ नये, ज्वारीशी फेरपालट करावी, रोगास दाद न देणारे बियाणे वापरावे, असे सांगतात. पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेचे ‘मारुती’ हे असेच वाण १९८६ मध्ये कर्नाटकात प्रसारित झाले.

आता विचार करा. जो विद्यार्थी वहीत जलवाहिनीची आकृती सुबक काढतो, त्यालाच बापाच्या शेतातील वाळल्या झाडात ती ओळखता येऊ नये आणि ‘दैवाने नेले’ एवढेच त्याने ऐकून घ्यावे, हे शिक्षणास शोभत नाही.

अभ्यासक्रम मोठा व वेळ थोडा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. परंतु आम्ही वर्षातून दोनच फेऱ्या मागतो. त्यांस खुरपे, चाकू आणि वही यांखेरीज काही लागत नाही. काही पालक म्हणतील, ‘मुलाने शेतात राबू नये म्हणूनच तर शाळेत घातले.’ त्यांस आमचे नम्र सांगणे की, वरून वाळलेल्या झाडाचे कारण मुळाशी शोधण्याची सवय ज्यास लागली, तो पुढे वैद्य होवो वा शेतकरी, ती त्याच्या उपयोगी पडल्यावाचून राहणार नाही.

विद्यार्थिमित्रांनो, यंदाच्या येळवशीस शेतात जाल तेव्हा एक वाळलेले झाड चिरून पाहा, आणि जे दिसेल ते घरच्या मंडळींनाही दाखवा.