विलोचे लाकूड आणि शेतकऱ्याचा वाटा

काश्मिरी बॅटीचा विलो (आपल्याकडील वाळुंजाचाच भाऊबंद) अनंतनाग परिसरातील लहान शेतकऱ्यांच्या बांधांवर, पाटांच्या कडेने वाढतो. झाड तोडणीस येण्यास १५-२० वर्षे लागतात. इतका काळ थांबणे ज्याला परवडत नाही, तो मुलीच्या लग्नाला वा आजारपणाला उभे झाड ठेकेदारास विकून मोकळा होतो. फळीचे, बॅटीचे आणि तिच्यावरील छापाचे मूल्य पुढे इतरांच्या पदरात पडते.

२००० साली राज्याने कायदा करून विलोचे कच्चे लाकूड बाहेर नेण्यास बंदी घातली. जालंदर-मीरतकडे जाणारा माल रोखून संगम-हलमुल्ल्याच्या कामगारांचा रोजगार राखणे, हा हेतू समाजवाद्यांना मान्यच असला पाहिजे. परंतु गिऱ्हाईक घटले की विकणाऱ्याची घासाघीस करण्याची शक्तीही घटते. कामगारास दिलेल्या संरक्षणाची किंमत अशा रीतीने शेतकऱ्याकडून वसूल होते. मग लवकर पैसा देणाऱ्या, सफरचंदाच्या खोक्यांना चालणाऱ्या पॉप्लरकडे तो वळला, तर दोष कोणाचा? उभ्या झाडाच्या तारणावर दीर्घ मुदतीचे कर्ज आणि उत्पादकांच्या सहकारी संस्थेमार्फत खरेदी व चिराई, एवढी जोड त्या बंदीला दिलीच पाहिजे.