‘अर्धे कर्ज माफ करून देतो’: जाहिरातीतल्या कंपन्या हे खरेच करू शकतात का?

कळंब : ‘हप्ते भरू नका, अर्धे कर्ज माफ करून देतो,’ अशा आशयाच्या जाहिराती मोबाइलवर वारंवार दिसतात. वर्षाचे गणित सोयाबीनच्या भावावर ठरणाऱ्या कळंब तालुक्यात थकलेल्या हप्त्यांची काळजी अनेक घरांत आहे. त्यामुळे या जाहिराती किती खऱ्या, हे समजून घेणे गरजेचे आहे.

माफीचा अधिकार कोणाचा?
कंपनीचा नाही. तडजोड द्यायची की नाही, हे कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था आपल्या धोरणानुसार ठरवते. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या नियमांनुसार, कर्ज मंजूर करणाऱ्यापेक्षा किमान एक पायरी वरचा अधिकारीच तडजोडीला मंजुरी देऊ शकतो. म्हणजे ‘मॅनेजर ओळखीचा आहे’ या आश्वासनाला अर्थ नाही.

सरकारी कर्जमाफीतही दलालाला जागा नसते. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत २ लाखांपर्यंतच्या पीककर्जाच्या याद्या बँकांकडून आल्या आणि शेतकऱ्यांनी आधार प्रमाणीकरण केले.

मग कंपनी काय करते?
अर्ज लिहिणे आणि कर्जदाराच्या वतीने बोलणी करणे, एवढेच. ‘कर्जमाफी प्रमाणपत्र’ देण्याचा अधिकार अशा संस्थांना नाही. त्यासाठी पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी दिला होता.

हप्ते थांबवल्यास काय होते?
सर्वसाधारण कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते ‘एनपीए’ होते. समजा, २ लाखांचे कर्ज १८ टक्के व्याजाने आहे. सहा महिने काहीच भरले नाही, तर सुमारे १८ हजार रुपये व्याज चढते. कंपनीने २० हजार शुल्क घेतले असेल, तर बोलणी सुरू होण्याआधीच ३८ हजारांचा बोजा वाढतो. बँकेने नकार दिला, तरी हा बोजा कर्जदाराच्याच डोक्यावर.

तडजोड झाली तरी पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. शेतीकर्ज वगळता, त्याच बँकेकडून किमान १२ महिने नवे कर्ज मिळत नाही.

कर्जदाराने काय करावे?
- शाखेत जाऊन हप्ते पुन्हा बांधून देण्याचा किंवा तडजोडीचा लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.
- तालुका विधी सेवा समितीकडे लोकअदालतीची चौकशी करा. तिथे शुल्क लागत नाही. मात्र निवाडा अंतिम असतो, अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी अटी नीट वाचा.
- बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. मार्गदर्शनासाठी क्रमांक १४४४८.
- ऑनलाइन फसवणूक झाली असेल, तर लगेच १९३० वर कळवा.

तडजोड ठरल्यास पैसे फक्त कर्जखात्यातच भरा आणि बँकेचे ‘थकबाकी नाही’ हे पत्र हाती घ्या. कर्ज मिटल्याचा पुरावा तोच. कंपनीचे प्रमाणपत्र नव्हे.