टिपेला लेथ कशाला?

क्यूची टिप उडाली म्हणून पनवेलच्या एका दुकानात गेलो. "साहेब, लेथशिवाय जमायचं नाही!" म्हणजे बटण तुटलं की कापडगिरणी गाठा! अहो, चामड्याची टिप आली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, फ्रान्सात. तेव्हा काय गल्लोगल्ली लेथ होते?

घरीच बसलो. ब्लेडने जुनी टिप खरवडली, पितळी तोंड काचकागदावर सपाट घासलं, सरस लावून रात्रभर दाबलं. सकाळी क्यू उलटा पाटावर टेकवून कडा तासल्या, माथा गोल केला. पहिली टिप चेंडूआधीच पळाली. तोंड वाकडं घासलं होतं. दुसरी टिकली.

लेथने वेळ वाचतो, कबूल. पण वाचलेला वेळ आम्ही घालवणार बिलियर्ड्समध्येच ना! मग हातांना अकाली पेन्शन कशाला?