आजीवन वॉरंटी : कुणाच्या आयुष्याची?

हल्ली बाजारात वस्तू महाग आणि शब्द स्वस्त झाले आहेत. संगणकाच्या सुट्या भागांच्या खोक्यावर छापलेली ‘लाइफटाइम वॉरंटी’ ही याच जातीची. रॅमची पट्टी घ्यायला जावे, तर दुकानदार हे शब्द असे उच्चारतो, की जणू ती पट्टी आपल्या नातवंडांनाही पुरणार आहे! कला शाखेच्या विद्यार्थ्यांना या यंत्रविद्येशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. पण शब्दाचा नेमका अर्थ काय, हे विचारणे हे तर कला शाखेचेच काम. शिवाय प्रवेश, शिष्यवृत्ती, प्रकल्प, निकाल हे सारे संगणकावर आल्यापासून हे यंत्र चैनीची वस्तू राहिलेले नाही. ते आपले पाटी-दप्तर झाले आहे.

माझे वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी उचगावातलाच एक मुलगा नोकरीसाठी पुण्याला निघाला, तेव्हा त्याचा वापरलेला संगणक आम्ही नऊ हजारांना घेतला. चार महिन्यांत तो चालू होईनासा झाला. रॅमची पट्टी गेली, असे दुरुस्तीवाल्याने सांगितले. पट्टी नावाजलेल्या कंपनीची, आजीवन वॉरंटीची. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले : मूळ बिल आणा, आणि वॉरंटी पहिल्या खरेदीदारालाच मिळेल. त्या मुलाजवळचे बिल कधीच हरवले होते. वडिलांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “आजीवन म्हंजे कुणाच्या जल्माची गं? आपल्या, त्या वस्तूच्या, का कंपनीच्या?”

माझ्या मते या प्रश्नातच साऱ्या विषयाचे सार आहे. म्हणून त्याच क्रमाने विचार करू.

प्रथम आपला, म्हणजे ग्राहकाचा जन्म. अनेक कंपन्यांच्या अटींनुसार ही वॉरंटी मूळ खरेदीदारापुरती असते. वस्तूने हात बदलला की वस्तू जिवंत राहते, पण वॉरंटी मरते. क्रूशल या नावाने विकल्या जाणाऱ्या रॅमला कंपनीने जगभर ‘मर्यादित आजीवन’ वॉरंटी दिली आणि जर्मनीत मात्र ती दहा वर्षांची ठेवली. पट्टी तीच, पण एका देशात तिचे आयुष्य मोजलेले आणि दुसऱ्या देशात न मोजलेले. मला विचाराल तर ‘दहा वर्षे’ हेच शब्द अधिक प्रामाणिक आहेत. ते निदान दिनदर्शिकेवर मोजता येतात.

दुसरा जन्म वस्तूचा. संगणकाच्या सर्वच भागांना आजीवन वॉरंटी का मिळत नाही? हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, झिजतात. तिला दोन ते पाच वर्षांची वॉरंटी मिळते. एसएसडीला वर्षांची मर्यादा असते आणि बहुधा किती माहिती लिहिली याचीही. जी आधी भरेल ती खरी. रॅममध्ये फिरणारे, घासणारे काहीच नाही. तिच्यातला दोष सहसा सुरुवातीलाच दिसतो. तो काळ पार पडला की ती वर्षानुवर्षे चालते. आणि चालली तरी ती बसवायची कशात? डीडीआर-३ रॅम २००७ मध्ये आली, डीडीआर-४ २०१४ मध्ये आणि डीडीआर-५ चे मानक २०२० मध्ये. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी. एकीची पट्टी दुसरीच्या खोबणीत बसत नाही. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० चा नेहमीचा मोफत आधार संपला आणि नव्या प्रणालीच्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. पट्टी अमर, पण यंत्रच निवृत्त! कंपनीला हे वचन फारसे महाग पडत नाही, ते यामुळेच.

याला मी फसवणूक म्हणणार नाही. तो हिशेब आहे, आणि त्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले, कारण उत्पादकांचा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे वळला. अशा वेळी ज्याच्याजवळ बिल आहे आणि ज्याची कंपनी जाग्यावर आहे, त्याला पाच वर्षांपूर्वीच्या पट्टीच्या बदल्यात पट्टी मिळाली, तर ते वचन त्याच्यासाठी खरोखर मोलाचे. मात्र कोणतीही वॉरंटी पाण्याला उत्तर देत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांच्या संगणकांना ‘आजीवन’ हा शब्द वाचवू शकला नसता.

तिसरा जन्म कंपनीचा. बीएफजी ही अमेरिकन कंपनी आपल्या ग्राफिक्स कार्डांना आजीवन वॉरंटी देत असे. २०१० मध्ये तिने गाशा गुंडाळला. कार्डे ग्राहकांच्या घरी राहिली. वचन पाळणारा राहिला नाही. उलट, डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने क्रूशलचा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले, पण विकलेल्या मालाची वॉरंटी सांभाळू असेही सांगितले. वचनाचे आयुष्य देणाऱ्याच्या आयुष्यापेक्षा मोठे असू शकत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आमच्या शेजारच्या गांधीनगरच्या पेठेत कापड घेताना दुकानदार म्हणतो, “रंग गेला तर परत आणा.” त्या शब्दाला कागद नसतो, पण उद्या तोच माणूस त्याच गादीवर बसलेला सापडतो. म्हणून मला वाटते, दूरच्या कंपनीच्या आजन्म वचनापेक्षा जवळच्या सेवा केंद्राची तीन वर्षांची लेखी वॉरंटी श्रेष्ठ. ‘आजीवन’ या एका शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत. तो फुकट येत असेल तर मात्र कागद सांभाळून ठेवावा. आणि कागद तरी कसला? आजीवन वॉरंटीचे बिल दुकानदार अशा कागदावर छापून देतो, की वर्षभरात त्यावरची अक्षरे उडून जातात! त्याची छायाप्रत त्याच दिवशी काढावी.

१९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पुढे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क नाही. १९१५ हा मदतीचा क्रमांक आहे. ही शस्त्रे आहेत, पण बिल नसेल तर ती चालवणे अवघड.

म्हणून माझे दोन आग्रह आहेत. पहिला कंपन्यांना : वॉरंटी माणसाच्या नावाला न बांधता वस्तूवरच्या अनुक्रमांकाला बांधा आणि तिची वर्षे खोक्यावर आकड्यात छापा. नवी वस्तू ऐपतदार घेतो, जुनी गरीब विद्यार्थी घेतो. आणि ज्याला वॉरंटीची गरज अधिक, त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच ती संपते, हा न्याय नव्हे. दुसरा आग्रह आपल्या महाविद्यालयाला : संगणक कक्षातल्या प्रत्येक भागाचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि बिलाची प्रत यांची एक नोंदवही ठेवावी. जुने संगणक एकमेकांना विकणाऱ्या विद्यार्थ्यांनीही संगणकाबरोबर बिल देण्याची रीत पाडावी.

मित्रहो, पहिल्या पिढीने शिकणाऱ्यांच्या घरात वस्तू पुन्हा पुन्हा येत नाहीत. म्हणून वचन देणाऱ्याला, ते कुणाच्या जन्माचे, हा प्रश्न पैसे मोजण्यापूर्वीच विचारायला आपण शिकले पाहिजे.