घरातला दुसरा जाणकार

दीपगृह म्हणजे समुद्रकाठचा उंच मनोरा आणि त्यातला दिवा, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण त्या दिव्याजवळ पूर्वी एक संसार असे. त्यात म्हातारपण असे, आजारपण असे. हाकेच्या अंतरावर डॉक्टर मात्र नसे.

अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यापासून दूर, भर अटलांटिक महासागरात मॅटिनिकस रॉक नावाचा उजाड खडक आहे. १८५३ साली सॅम्युएल बर्जेस हा दीपगृहाचा रखवालदार म्हणून कुटुंबासह तेथे राहायला गेला. बायको कायमची आजारी. मनोरे दोन, दिवे अठ्ठावीस. वाती कातरा, तेल भरा, काचा पुसा, हे रोजचेच. बाप बाहेर गेला की ही कामे त्याची मुलगी ॲबी करी.

सामान आणणारी सरकारी बोट आली नाही, म्हणून जानेवारी १८५६ मध्ये बर्जेस स्वतःच किनाऱ्यावर गेला आणि मागे वादळ उठले. चार आठवडे खडकाला होडी लागू शकली नाही. घरी सोळा वर्षांची ॲबी, धाकट्या बहिणी आणि आजारी आई. लाटांनी जुने घर वाहून नेण्याआधी ॲबीने आईला मनोऱ्यात हलवले, कोंबड्याही टोपलीत घालून आणल्या (एक तेवढी राहिली), आणि एकाही रात्री दिवे विझू दिले नाहीत.

लोक तिच्या धाडसाचे कौतुक करतात, करावेच. बोट का आली नाही, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही! मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ते काम तिला आधीपासून येत होते. बापाने ते स्वतःपुरते ठेवले नव्हते.

आपल्याकडे नेमके उलटे. सासूबाईंच्या औषधांची माहिती फक्त सुनेला. ती चार दिवस माहेरी गेली की मुलगा दवाखान्यात येऊन सांगतो, "ती बारीक पांढरी गोळी द्या." अहो, निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात! फिट्सच्या गोळ्या दोन-तीन दिवस चुकल्या तरी फिट येऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर रक्तदाब उसळतो. इन्शुलिनची गोष्ट तर याहून नाजूक.

म्हणून घरातल्या आणखी एकाला, नातवंड दहावीत असेल तर त्यालाही, औषधाचे नाव, वेळ आणि मात्रा शिकवा. मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पावसाळ्यात ज्यांच्या गावचा रस्ता बंद होतो, त्यांनी पंधरा दिवसांची औषधे आधीच आणून ठेवावीत. आणि गोळ्यांची पट्टी कापताना नाव छापलेली बाजू शेवटपर्यंत राखा. दुकानदाराला आणि मला तीच हवी असते.