रिकामी पिकअप उडते तेव्हा

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उतरला की सासवडची पिकअप दिवेघाटाकडे परत निघते आणि प्रत्येक गतिरोधकावर मागून उडते. मालक लगेच नाना पेठेत शॉकअपचा भाव काढायला मोकळे! अहो, मागचे पाटे बांधलेत टनभर ओझ्यासाठी. रिकाम्या हौद्याखाली ते ताठच राहणार. त्यात लोडसाठी टायरमध्ये ठासलेली हवा तशीच. आधी ती मोजा, मग शॉकअपवर तेल ओघळलंय का ते बघा. थरथर मात्र निराळी. ७०-८०च्या वेगाला स्टीअरिंग थरथरलं, तर संशय पुढच्या चाकांच्या बॅलन्सिंगवर; सीटखाली जाणवलं, तर मागची चाकं नाहीतर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. आणि जास्त माल भरायला एखादा जादा पाटा तुम्हीच टाकून घेतला असेल, तर गाडी उडण्याला मिस्त्री बिचारा काय करणार?